वाली नसलेलं पॅकेज

डेबियन या लिनक्स प्रणालीची ट्रिक्सी ही तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. सोबतच्या घोषणेत आकडे होते: एकूण पॅकेजेस ६९,८३० आणि कालबाह्य म्हणून वगळलेली ८,८४०हून अधिक. असे आकडे वाचून आपण पुढे जातो, तशी मीही गेले. पुढे आमच्या वाचनालयातला संगणक नव्या आवृत्तीवर नेला आणि दुसऱ्याच सकाळी ग्रंथपाल काकांनी हाक मारली, "अगं, ते नावं देणारं कुठे गेलं?" वगळलेल्यांत आमचंही एक होतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात मासिकांच्या अंकांचं डिजिटायझेशन बघते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे अंक स्कॅनरच्या काचेवर पालथे दाबले की शिवण सुटते, म्हणून आम्ही स्टँडला कॅमेरा लावून एकेक पान टिपतो. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या आत तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. ती वाचून शेकडो फायलींना एका दमात क्रमवार नावं देणारं एक छोटं साधन आम्ही वापरायचो. टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप केली की काम झालं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव कळलं की त्याचा जुना मेंटेनर, म्हणजे डेबियनमध्ये ते सांभाळणारा, कोण हे शोधणं मिनिटाभराचं काम आहे, आणि त्या माणसाची चर्चा त्याला न कळणाऱ्या भाषेत, त्याच्या माघारी व्हावी हे मला बरं वाटत नाही.

कॉलेजात सी भाषा शिकले होते, लिनक्स रोज वापरते. पण एखादं पॅकेज नाहीसं झालं तर दार कुणाचं ठोठावायचं, हे मला ठाऊक नव्हतं. डेबियन ही कंपनी नाही. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला हा स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे. अधिकृत डेव्हलपर सुमारे हजार, त्यांच्याभोवती इतर हौशी लोक. त्यांची स्वतःची घटना आहे, १९९८ची. ती मी मुळातून वाचली, कारण इथे साहेब कोण हे मला समजून घ्यायचं होतं. तिच्यात सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कुणावरही नाही. नको असलेलं काम नाकारता येतं, फक्त ठरलेल्या नियमांच्या आड येता येत नाही. मी ते पुन्हा वाचलं. कुणावर सक्तीच नसेल, तर दुर्लक्षित पॅकेजबद्दल तक्रार करायची कुणाकडे? आणि तक्रार करायचा हक्क तरी मला कुठून आला? बरेच दिवस मी याच दोन प्रश्नांशी अडून होते.

शोध घेतल्यावर दिसलं की आमचं पॅकेज पूर्ण गेलेलं नाही. डेबियनमध्ये नवं काम आधी अनस्टेबल नावाच्या शाखेत येतं, तिथे तगलं तर टेस्टिंगमध्ये उतरतं, आणि टेस्टिंग गोठवून तिची स्थिर आवृत्ती होते. आमचं पॅकेज अनस्टेबलमध्ये होतं, पण टेस्टिंगमधून आपोआप बाहेर काढलं गेलं होतं. एखाद्या पॅकेजवर गंभीर बग नोंदलेला असेल आणि ठरावीक मुदतीत कुणी हात लावला नाही, तर यंत्रणा आधी सूचना पाठवते आणि मग ते काढते. सूचना मेंटेनरला गेली होती. उत्तर नव्हतं.

मग मी चेंजलॉग उघडला. प्रत्येक पॅकेजच्या आत ही फाइल असते आणि प्रत्येक अपलोडची नोंद तिच्यात ठेवावीच लागते: काय बदललं, का बदललं, खाली दोन आडव्या रेघा, नाव, ईमेल, आणि सेकंदापर्यंत वेळ. सगळ्यात जुनी नोंद २००७ची. सुरुवातीच्या नोंदी दाट आहेत, वेळा बहुतेक रात्री उशिराच्या किंवा रविवारच्या. एका नोंदीत कुणा वापरणाऱ्याचे आभार, एका नोंदीत मॅन्युअलमधलं एक वाक्य सोपं केल्याची माहिती. मग अंतर वाढत जातं. वर्षाला एक नोंद, मग दोन वर्षांना एक. आणि त्यानंतर त्याचं नाव येणंच थांबतं.

नोंदी मात्र थांबत नाहीत. पुढच्या नोंदी वेगवेगळ्या माणसांच्या आहेत आणि त्या सगळ्यांची पहिली ओळ एकच: हा अपलोड मेंटेनरने केलेला नाही. गंभीर बग पडून राहिला तर दुसरा डेव्हलपर तेवढाच बग दुरुस्त करून पॅकेज पुढे सरकवू शकतो. तेव्हा आवृत्तीच्या क्रमांकाला शेपूट लागतं. मेंटेनरची आवृत्ती उणे तीन असेल, तर परक्या हाताची उणे तीन पूर्णांक एक, मग पूर्णांक दोन. आमच्या पॅकेजचं शेपूट पूर्णांक तीनपर्यंत गेलं होतं. तीन वेगवेगळी माणसं रस्त्याने जाता जाता थांबली होती, गरजेपुरतं करून निघून गेली होती, आणि मेंटेनरच्या जागी नाव मात्र त्याचंच होतं. त्या रकान्याला कुणी हात लावला नव्हता.

हे मला चमत्कारिक वाटलं. तीन माणसांना पॅकेज दुरुस्त करता येतं, पण कुणी त्याच्या पाटीवरचं नाव का बदलत नाही?

उत्तर शोधताना मी त्यांच्या लघुरूपांच्या रानात शिरले. डेबियनमध्ये अडलेल्या आणि हव्या असलेल्या पॅकेजेसची एक मोठी यादी आहे, आणि तिथे प्रत्येक स्थितीला दोन-तीन अक्षरं आहेत. नुसतं 'ओ' म्हणजे पॅकेज अनाथ; मेंटेनरने हात काढून घेतला किंवा कुणी तसं जाहीर केलं. 'आरएफए' म्हणजे मेंटेनर आहे, पण कुणीतरी दत्तक घ्यावं अशी त्याची इच्छा आहे. 'आरएफएच' म्हणजे फक्त मदत हवी. 'आयटीए' म्हणजे दत्तक घ्यायला एकजण पुढे आला आहे, बाकीच्यांनी थांबा. आपल्या संगणकावरच्या पॅकेजेसपैकी यातली कोणती अडचणीत आहेत, हे सांगणारी एक आज्ञाही आहे, डब्ल्यूएनपीपी-अलर्ट. ती चालवली आणि यादी खाली खाली सरकत राहिली. ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती आणि ज्यांच्यावर माझं रोजचं काम चालत होतं, अशी ती पॅकेजेस होती. आमचं पॅकेज त्या यादीत नव्हतंच. त्याला अनाथ म्हणायला कुणी तयार नव्हतं, कारण कागदोपत्री त्याला मेंटेनर होता.

गप्प झालेला मेंटेनर ही यातली सगळ्यात अवघड स्थिती आहे. माणसाने 'मला जमत नाही' असं लिहिलं तर वाट मोकळी होते. पण लोक असं लिहीत नाहीत, आणि का लिहीत नाहीत हे समजणं कठीण नाही. नोकरी बदलते, घरी आजारपण येतं, मूल होतं, आणि पुढच्या रविवारी बघू म्हणता म्हणता वर्षं जातात. ज्या गोष्टीत इतक्या रात्री घातल्या ती सोडली असं चारचौघांत जाहीर करणं जिवावर येतं. डेबियनमध्ये अशा हरवलेल्या मेंटेनरांची विचारपूस करणारा एक गट आहे. तो पत्र पाठवतो, वाट बघतो, पुन्हा पाठवतो, आणि काहीच हालचाल दिसली नाही तर शेवटी त्या माणसाची पॅकेजेस अनाथ म्हणून जाहीर करतो. हे काम संथ आहे, आणि माझ्या मते ते संथच असायला हवं.

याखेरीज २०१८पासून आणखी एक वाट आहे. तिला ते पॅकेज वाचवणं म्हणतात आणि तिची अक्षरं 'आयटीएस'. पॅकेजकडे स्पष्ट दुर्लक्ष झालेलं असावं लागतं: एकामागून एक परके अपलोड, उत्तराविना पडलेले बग, मूळ लेखकाने काढलेल्या नव्या आवृत्त्या इकडे न आलेल्या. मग इच्छुकाने त्या पॅकेजवरच एक बग नोंदवायचा, त्यात कारणं लिहायची आणि मेंटेनरला कळवायचं. त्यानंतर एकवीस दिवस थांबायचं. त्या काळात मेंटेनरने, दुसऱ्या अपलोडरने किंवा पॅकेज सांभाळणाऱ्या गटातल्या कुणी हरकत घेतली तर विषय तिथे संपला. हरकत आली नाही तरी अपलोड लगेच आत जात नाही. तो किमान सात दिवस उशिराच्या रांगेत ठेवायचा, म्हणजे शेवटच्या क्षणीही मेंटेनरला तो रोखता यावा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला याचा त्रास झाला. एका ओळीची दुरुस्ती, आणि तिच्यासाठी महिना? इकडे काका रोज फायलींना हाताने नावं देत होते. पण मुदतीचे नियम वाचता वाचता लक्षात यायला लागलं की यात कोडबद्दल जवळजवळ काहीच नाही. कुणाच्या अनुपस्थितीत त्याच्या कामावर हक्क सांगायचा झाला तर किती वेळा हाक मारायची, किती थांबायचं, आणि तो परत आला तर त्याला कुठली जागा द्यायची, हे सगळं त्यात ठरवून ठेवलंय. आपल्याकडे सामाईक विहिरीच्या पाळ्या ठरवतात तसं. पाणी कसं उपसायचं ते कुणी लिहून ठेवत नाही. कोण कधी, आणि एकजण आला नाही तर काय, हे ठरवून ठेवतात.

थांबण्याला दुसरंही कारण आहे, आणि ते मला वाटत होतं त्याहून गंभीर निघालं.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. डेबियन अनस्टेबलवर काम करताना एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि त्याने पिच्छा पुरवला. चोरदरवाजा बसवणारी व्यक्ती 'जिया टॅन' या नावाने दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करत होती. मूळ लेखक लासे कॉलिन एकटेच ते साधन सांभाळायचे. २०२२मध्ये अनोळखी नावांनी त्यांच्यावर दबाव येत राहिला: कामाला वेग नाही, दुसऱ्या कुणाला सोपवा. आपली तब्येत ठीक नाही आणि हा बिनपगारी छंद आहे, असं त्यांना लिहून सांगावं लागलं. अखेर मदतनीसाला अधिकार मिळाले.

ते सगळं वाचल्यावर, आमचं पॅकेज वाचवण्यासाठी मी करून ठेवलेल्या अर्जाचा मसुदा पुन्हा काढून पाहिला. थकलेला मेंटेनर, पडून असलेलं पॅकेज, कुणालाही माहीत नसलेली एक उत्साही व्यक्ती. बाहेरून पाहणाऱ्याला जिया टॅन आणि मी यांत पहिल्या दिवशी काय फरक दिसणार? मला पटलं की माझ्याकडे संशयाने पाहणं रास्त आहे. मसुद्यातली 'लवकरात लवकर' ही शब्दयोजना मी काढून टाकली. मेंटेनरला घाई करणारं एकही वाक्य ठेवलं नाही. आपण हे साधन कशासाठी वापरतो, काय करू इच्छितो आणि तुम्हाला सोबत राहायचं असेल तर मला आनंदच आहे, एवढं लिहून अर्ज नोंदवला.

वाट बघण्याच्या काळात हात बांधून बसायला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून दुरुस्ती तयार करायला घेतली. बग असा होता: जीसीसी कंपायलरच्या चौदाव्या आवृत्तीत पॅकेज बांधलंच जात नाही. सी भाषेच्या जुन्या रिवाजानुसार एखादं फंक्शन आधी जाहीर न करताच वापरलं तर कंपायलर समजून घ्यायचा की ते पूर्णांक परत देत असेल, आणि फक्त इशारा द्यायचा. जीसीसी १४ने तो इशारा थेट चूक ठरवला. जगातली कितीतरी जुनी पॅकेजेस त्याने एका फटक्यात अडली. आमच्या साधनात अडलेलं फंक्शन होतं स्ट्रिंगमधून तारीख वाचणारं, स्ट्रपटाइम. ते टाइम डॉट एच या हेडरमध्ये आहे आणि फाइलच्या माथ्यावर तो हेडर घेतलेलाही आहे. मग जाहीर नाही असं कंपायलर का म्हणतो?

एक अख्खी संध्याकाळ मी त्या ओळीकडे बघत होते. स्ट्रपटाइम हे सीच्या मूळ मानकात नाही, एक्स-ओपन नावाच्या जादा मानकात आहे. हेडर घेण्याच्या आधी 'एक्स-ओपन सोर्स' असा एक शब्द डिफाइन केला तरच हेडर ते फंक्शन उघडं करतो. तो शब्द डिफाइन केलेला नव्हता. ते फंक्शन खरं तर मेमरीतला एक पत्ता परत देतं. चौसष्ट बिटांचा तो पत्ता पूर्णांक समजून अर्धा कापला जात होता. तरी साधन इतकी वर्षं बिनतक्रार चाललं, कारण तो पत्ता पुढे कुणी वापरत नव्हतं. तो शून्य आहे की नाही एवढंच बघितलं जात होतं. दैवाने चालत होतं. कंपायलरने ते उघडं पाडलं याचा मला आनंद झाला. मूळ लेखकाच्या नव्या आवृत्तीत हीच ओळ माथ्यावर आलेली होती.

नवी आवृत्ती शोधणं हेही एक प्रकरण झालं. पॅकेजमध्ये वॉच नावाची एक छोटी फाइल असते. मूळ लेखकाने नवं काही काढलं का हे ती तपासते. आमची वॉच फाइल गूगल कोडकडे बोट दाखवत होती, आणि गूगल कोड २०१६च्या जानेवारीत बंद झालं. मेंटेनरची स्वतःची कामाची नोंदवही ॲलिओथ या डेबियनच्या जुन्या सर्व्हरवर होती. २०१८मध्ये त्याची जागा साल्साने घेतली आणि ॲलिओथ बंद झाला. म्हणजे पाटीवरचे दोन्ही पत्ते गेलेले. सुदैवाने डेबियनचा स्नॅपशॉट नावाचा संग्रह आहे, त्यात २००५पासूनचं प्रत्येक पॅकेजचं प्रत्येक अपलोड जपून ठेवलेलं आहे. तिथून एकेक आवृत्ती उतरवून घेतली, ओळीने मांडली आणि पॅकेजचा इतिहास नव्या जागी पुन्हा उभा केला. वाचनालयात जुन्या अंकांचे तुटके खंड आम्ही जुळवतो, त्यामुळे या कामात माझा हात बसायला वेळ लागला नाही.

मोह मात्र होत होता. कोड उघडला की नीटनेटका करावासा वाटतो. वापरात नसलेल्या ओळी काढाव्या, नावं सुधारावी. तेव्हा मी २००८चं एक प्रकरण वाचलं. २००६मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षेच्या पॅकेजमध्ये डेबियनमधल्या एका बदलाने ज्यांच्यामुळे इशारा येत होता त्या ओळी बंद केल्या, आणि त्याबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा स्रोतच गेला. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या हजारांत मोजता येतील इतक्या थोड्या उरल्या. १३ मे २००८ रोजी ते जाहीर झालं तेव्हा जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. इशारा गप्प करायचा आणि कारण समजून घ्यायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. मी न समजलेली एकही ओळ हलवली नाही.

एकवीस दिवस संपायच्या आत मेंटेनरचं उत्तर आलं.

पत्र छोटं होतं. तो लिहितो की ज्या संगणकावर त्याची सहीची किल्ली होती तो केव्हाच बंद पडला, नवी किल्ली सह्या घेऊन पुन्हा उभी करायची राहून गेली, आणि पॅकेजची आठवण आली की अपराधी वाटायचं म्हणून त्या बगांची पत्रं तो उघडायचाच नाही. पॅकेज घ्यायला त्याची हरकत नाही. सोबत एक पॅच जोडला होता, बऱ्याच वर्षांपूर्वीचा, अर्धवट: कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर सगळ्या फोटोंच्या वेळा एकदम पुढेमागे करायची सोय. आम्हाला ही सोय हवीच होती. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की तारीख मूळपदावर जाते. म्हणजे उत्तर न देणाऱ्या त्या माणसाच्या डिस्कवर आमच्या अडचणीचं अर्धं उत्तर इतकी वर्षं पडून होतं.

मेंटेनरची संमती आल्यावर मुदत पाळण्याचं कारण उरलं नाही. मी त्याचं नाव पाटीवरून काढलं नाही, अपलोडर म्हणून माझ्याखाली ठेवलं. त्याने तशी परवानगी दिली. मला स्वतःला अपलोडचा अधिकार नाही, तो डेव्हलपरांना असतो. नवख्याचं काम कुणी डेव्हलपर तपासतो, पटलं तर आपल्या सहीने वर चढवतो. माझं काम तपासणाऱ्या बाईंनी विचारलेले प्रश्न मी जपून ठेवलेत. मूळ लेखकाची गाठोडी फाइल आणि त्याच्या नोंदवहीतला कोड एकच आहे का, ताडून पाहिलं का? (एक्सझेडमध्ये कपट चालू करणारा भाग फक्त गाठोड्यातच होता.) कोऱ्या खोलीत, म्हणजे फक्त जाहीर केलेली साधनं असलेल्या रिकाम्या वातावरणात पॅकेज बांधून बघितलं का? प्रत्येक फाइलचा परवाना वाचला का? सहा महिन्यांनी तुम्ही कुठे असाल? या शेवटच्या प्रश्नाला मी खरं ते उत्तर दिलं: याच वाचनालयात, कारण अंक अजून निम्मेही झालेले नाहीत.

सगळीच पॅकेजेस वाचवायची नसतात, हे मात्र मला उशिरा उमगलं. डब्ल्यूएनपीपी-अलर्टच्या यादीत चित्रं बघायचं एक जुनं साधन होतं, खरोखर अनाथ. ते जीटीके २ या खिडक्या-बटणं काढणाऱ्या संचावर उभं होतं, आणि जीटीके ४ डिसेंबर २०२०मध्ये आल्यावर जीटीके २ला मूळ प्रकल्पानेच निरोप दिला. मूळ लेखकाचा पत्ता नाही, वापरणारे मोजके, आणि वेडीवाकडी चित्रफाइल उघडली की कोसळण्याचा बग उघडा. एखाद्या कुशल माणसाने ते नव्याने लिहिलं असतं, पण त्याहून चांगली साधनं शेजारीच उपलब्ध आहेत. मी ते काढून टाकण्याची विनंती नोंदवली. कारणं तीन-चार शब्दांत लिहायची असतात: अनाथ, मूळ प्रकल्प मृत, वापर कमी. विनंती मान्य झाली. दार उघडं ठेवून कुणीच नसलेल्या घरापेक्षा ते बंद केलेलं बरं, असं मला ठामपणे वाटतं, विशेषतः जिथे कुणीही परका फाइल आणून टाकू शकतो अशा साधनाच्या बाबतीत. स्नॅपशॉटमध्ये त्याचा सोर्स कोड आहेच. कुणाला उद्या जीव लावावासा वाटला तर मिळेल.

त्या यादीमुळे आणखी एक सवय लागली. मराठी मजकूर पडद्यावर उमटवणारे लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली आणले, आणि डेबियनमध्ये मराठीसाठी त्यांचं वेगळं पॅकेज आहे. मी मराठीत काम करते आणि त्या पॅकेजकडे कधी बघितलं नव्हतं. आता महिन्यातून एकदा आपल्या भाषेच्या पॅकेजेसची पाटी, उघडे बग आणि चेंजलॉगमधली शेवटची तारीख बघते. आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्या, छापखाने, वाचनालयं फुकट मिळालेल्या साधनांवर चालतात. त्यातलं एखादं तरी आपल्याला नीट ठाऊक असावं, त्याचा मेंटेनर जिवंत आहे की थकलाय एवढं तरी, असं मला मनापासून वाटतं. पैसे नसतील तर 'हे आमच्याकडे रोज चालतं' एवढं एक पत्रही पुरतं. आमच्या मेंटेनरला अठरा वर्षांत असं पत्र क्वचितच आलं होतं, हे त्याने नंतर सांगितलं.

अपलोड झालं. डेबियनची यंत्रं प्रत्येक पॅकेज वेगवेगळ्या जातीच्या प्रोसेसरांसाठी आपोआप बांधतात. नव्या आवृत्तीबरोबर मी मूळ लेखकाच्या चाचण्याही बांधणीच्या वेळी चालू केल्या होत्या. एएमडी६४ वर पास, एआरएमवर पास, आणि एस३९०एक्स या आयबीएमच्या मेनफ्रेम जातीवर एक चाचणी नापास. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने बग नोंदवला, शांतपणे, पूर्ण तपशिलासह: तारीख वाचता येत नाही, वर्ष भलतंच येतं.

तो बग माझ्या नावावर आलेला पहिला बग. तसं यंत्र आमच्या जिल्ह्यात कुठे असेल असं वाटत नाही. "बघतेय, एका आठवड्यात कळवते" असं लिहिलं आणि क्यूईएमयूवर त्या यंत्राची नक्कल उभी करायला घेतली. रात्री त्याच बगवर जुन्या मेंटेनरची दोन ओळींची नोंद आली. फोटोतल्या माहितीची सुरुवात दोन अक्षरांनी होते, 'आयआय' किंवा 'एमएम', म्हणजे आकड्याचा कुठला बाइट आधी ते. २००९मध्ये त्याने हे वाचणाऱ्या फंक्शनमध्ये पहिली शक्यता आपल्या यंत्रापुरती गृहीत धरली होती, तिथे बघ. फंक्शनचं नावही त्याने दिलं होतं. मी ती फाइल उघडली.